दारू उतरवणारा नॉरिस

सॉरेल बेंचमध्ये माणूस गेला की निरोप तीन घरी जातो. आधी पाद्रीबाईंकडे. मग चर्चच्या तळघरात हॅमची सँडविच करणाऱ्या बायकांकडे. आणि दफन होऊन, पाहुणे आपापल्या गावी परतून, घरात पहिल्यांदा खरी शांतता झाली की नॉरिस क्वामेकडे. हा तिसरा निरोप साधारण असा असतो: "नॉरिस, ह्यांच्या वर्कशॉपमध्ये डबे आहेत रे. किती आहेत ते विचारू नकोस. तूच ये."

नॉरिस जातो. म्हातारीने बळेच दिलेली कॉफी पितो, "माणूस चांगला होता" म्हणतो, पिकअपच्या मागे डबे चढवतो आणि घरी येऊन शेडमध्ये दारू उतरवत बसतो.

गैरसमज नको. जिवंत माणसाला चढलेली उतरवायला आमच्याकडे शेरीफ आहे. नॉरिस मेलेल्यांची उतरवतो, आणि ती बंदुकीची.

त्याचं असं आहे, की आमच्या भागात शेतातले बिळं करणारे गोफर मारणारा माणूस काडतुसं दुकानातून आणत नाही. म्हणजे आणतो, पण घरी बायको असताना डबा लावल्यासारखं तोंड करून. खरी काडतुसं घरी भरायची. वापरलेली पितळी पुंगळी घ्यायची, तिच्या बुडात नवी टिकली बसवायची, आत मोजून दारू ओतायची आणि तोंडावर गोळी दाबायची. दारू कुठली आणि किती, हे ज्याचं त्याचं गुपित. खोक्यावर पेन्सिलीने एखादा आकडा असतो, एखादं अक्षर असतं, नाहीतर काहीच नसतं. ज्याला कळायचं त्याला कळतं, आणि तोच तर मेलेला असतो.

म्हणून नियम असा, की दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही. भावाचंही नाही, बापाचंही नाही. नॉरिसने एकतीस वर्षांपूर्वी सासऱ्याचं घातलं होतं. सासरा सज्जन माणूस, पण शेवटी शेवटी त्याला दारूच्या दोन डब्यांतला फरक दिसेनासा झाला होता, आणि हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. नॉरिसच्या हातात बंदूक जवळजवळ फुटली. डोळा वाचला. डाव्या डोळ्याखाली मसुराएवढा निळा ठिपका तेवढा राहिला. त्या दिवसापासून गावातल्या प्रत्येक मयताचे डबे तो मागून आणायला लागला, आणि काही वर्षांनी मागायचीही गरज उरली नाही.

त्याचं हत्यार म्हणजे प्लॅस्टिकचा एक पोकळ हातोडा. त्याच्या पोटात काडतूस अडकवायचं आणि लाकडाच्या ओंडक्यावर हाणायचं. एक, दोन, तीन. तिसऱ्या ठोक्याला गोळी सुटते, मागोमाग दारू. गोळी एका डब्यात, पुंगळी दुसऱ्यात, दारू तिसऱ्यात. एका काडतुसाला तीन ठोके, एका खोक्यात पन्नास काडतुसं, आणि नीटनेटक्या माणसाच्या मागे चाळीसेक खोकी. तुम्हीच हिशेब करा. नॉरिसने तो करणं सोडलं आहे. परगण्याच्या रस्त्यांवर चौतीस वर्षं रस्ते सपाट करणारा ग्रेडर चालवून मनगटं आधीच गेली होती, उरलेली या हातोड्याने नेली. "हल्ली लोक फार मरायला लागलेत," तो म्हणतो, पावसाळी हवेबद्दल बोलावं तसं. यंदाच्या हिवाळ्यात सात गेले. जमीन गोठलेली म्हणून त्यांची दफनं वसंतापर्यंत थांबली. डबे थांबले नाहीत.

निघालेली दारू त्याची बायको इनेज परसातल्या आंबट देठांच्या रुबार्बला घालते. खत म्हणून चांगली असते. इनेजच्या रुबार्बची पानं छत्रीएवढी होतात आणि चर्चच्या जेवणाला तिची रुबार्बची 'पाय', म्हणजे भट्टीत भाजलेली गोड भरली पोळी, आली की लोक आवडीने खातात, फक्त घास तोंडात घालण्याआधी हळूच विचारतात, "इनेज, यात कोण आहे?"

मी शेडमध्ये असतो तो वजनासाठी. गावाच्या धान्यकोठारात पंचवीस वर्षं मी ट्रकांच्या काट्यावर बसलो, म्हणून नॉरिसच्या मते मी वजनातला माणूस. दारूचं माप ग्रेनमध्ये असतं, एका पौंडाचे सात हजार ग्रेन. चाळीस टनांचा ट्रक आणि एका ग्रेनचा दहावा भाग यांत काही फरक आहे, हे त्याला मान्य नाही. "काटा तो काटा," तो म्हणतो. त्याला स्वतःला आता काट्याची सुई दिसत नाही, हे तो म्हणत नाही. प्रत्येक खोक्यातली दोन-तीन काडतुसं आम्ही वजन करून बघतो. कुणी वेड्यासारखं भरून ठेवलं असेल तर त्याच्या घरच्यांना सांगावं लागतं, की उरलेलंही कुणी हाताळू नका. पण आकडा घरच्यांशिवाय कुणाला सांगायचा नाही. डॉक्टर जसा पेशंटचं सांगत नाही, तसा नॉरिस मयताचं माप सांगत नाही.

आता वेंडेल स्टोर्डालबद्दल. तो मार्चमध्ये गेला, आणि तो नॉरिसचा चाळीस वर्षांचा भांडणातला जोडीदार होता.

भांडण कशावरून, तर काडतुसावरून. गोफर म्हणजे खारीएवढं जनावर. लसूणघासाचं शेत आठवड्यात कातरतं आणि कुरणात अशी बिळं पाडतं, की घोड्याचा पाय आत गेला तर घोडाच गेला. एवढ्याशा प्राण्याला मारायला असं काय मोठं लागतं, हा प्रश्न आमच्या कॅफेत विचारू नका, दुपार जाईल. काडतुसागणिक इथे पंथ आहेत, बहुतेकांना आकड्यांची नावं. हॉर्नेटवाले सगळ्यांत म्हातारे. त्यांची बंदूक खोकल्यासारखी वाजते, दीडशे पावलांपुढे गोळी दमून खाली बसते, आणि तेही. सतरावाले तरुण. त्यांची गोळी ज्वारीच्या दाण्याएवढी, सुटते विजेसारखी, पण वारा आला की शेजारच्या परगण्यात जाते. आणि आमच्याकडे वारा न आल्याचा दिवस कुणाला आठवत नाही. दोनशे चारवाले आपली गोळी किती सपाट जाते ते हात आडवा फिरवून दाखवतात, आणि दाखवताना कुणाची तरी कॉफी सांडतात. दोनशे तेवीस हे लष्करी घराण्यातलं, कुठेही मिळणारं, कशालाही चालणारं. म्हणून त्याच्याबद्दल कुणीच हिरिरीने बोलत नाही. गुणी मुलाचं असंच होतं.

नॉरिसची होती दोनशे बावीस. आकड्यात तीन दोन आहेत म्हणून तिला आम्ही 'तीन दुऱ्या' म्हणतो, पत्त्यांतल्यासारखं. चोवीस ग्रेन दारू, धक्का नाही, दणका बेताचा, आणि अडीचशे पावलांवर गोळ्यांवर गोळ्या एकाच भोकात. वेंडेलची बावीस-अडीचशे. गोळी जाडीला आणि वजनाला तीच, पण मागे छत्तीस ग्रेन दारू. वेग भयंकर, आवाज त्याहून भयंकर, आणि हजारभर बार काढले की नळी आतून जळून खलास.

"तुझी बंदूक पेन्शनीत निघाल्यासारखी वाजते," वेंडेल म्हणायचा.

"तुझी तरुणपणीच मरते," नॉरिस म्हणायचा.

"गोफरला कळायच्या आत गोळी पोचते माझी."

"आणि पुढच्या गोफरला कळतं. आवाजाने. अर्धा तास बाहेर येत नाही मग कुणी."

हे असं चाळीस मे महिने. दोघांचेही कान त्यात गेले, त्यामुळे भांडण दरवर्षी मोठ्याने व्हायला लागलं. आम्ही ऐकणारे हरलो, ते दोघं कधी हरले नाहीत.

तर मे महिन्यातल्या एका सोमवारी वेंडेलची बायको आर्लिस नॉरिसच्या शेडमध्ये आली. बाकीची खोकी एप्रिलमध्येच येऊन उतरवून झाली होती. हिच्या हातात एकच होतं.

"हे बंदुकीच्या पेटीत सापडलं," ती म्हणाली. "शेवटचं असावं."

खोक्यावर वेंडेलच्या तिरक्या अक्षरात एकच शब्द होता: 'नेहमीचं'.

"ठेव तिथे," नॉरिस म्हणाला.

"तसं नाही रे. गेलन म्हणतो, शनिवारी ते मारायचं. वेंडेलच्याच बंदुकीतून. मानवंदना म्हणून." गेलन म्हणजे तिचा धाकटा भाऊ, वय एकसष्ट. शनिवारी आमच्या अग्निशमन दलाचा गोफर दिवस होता. सगळं गाव एखाद्या कुरणात जमून गोफर मारतं आणि बीन्स खातं. यंदा कुरण आर्लिसचंच होतं. तिची घोडी तिथेच बिळात पाय जाऊन पडली होती, गेल्या शरदात.

"गेलनला नियम माहीत आहे," नॉरिस म्हणाला.

"माहीत आहे. तो म्हणतो, वेंडेलचं 'नेहमीचं' म्हणजे छत्तीस, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. यात न कळण्यासारखं काय आहे?"

"आणि तू काय म्हणतेस?"

आर्लिसने खोकं पुढे सरकवलं, पण हात त्यावरच राहिला. "मी म्हणते, पन्नास आहेत. उतरवलीस तर त्याच्या हातचं काही उरत नाही. मारली तरी उरत नाही. पण मारली तर निदान आवाज तरी होईल. शुक्रवारपर्यंत ठरव. तू नाही म्हणालास तर नाही."

ती गेली. नॉरिसने त्या शब्दावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "मला कंटाळा आलाय रे." मला वाटलं बसायचा, म्हणून मी उठलो. "तुझा नाही," तो म्हणाला. "नाही म्हणायचा. एकतीस वर्षं मी गावातल्या बायकांना नाही म्हणतोय. ती आठवण म्हणून एक ठेवू का, नाही. नातवाला दाखवायला दोन, नाही. आता हिला पण."

बुधवारी कॅफेत गेलनने त्याला गाठलंच. गेलन आवाजाने मोठा, पोटाने मोठा, मनानेही तसा बरा. पण वेंडेल गेल्यापासून बावीस-अडीचशेची गादी आपल्याकडे आली आहे, अशी त्याची समजूत झाली होती.

"काय म्हाताऱ्या, ठरलं का?"

"शुक्रवार."

"शुक्रवार कशाला? खरं सांग ना. वेंडेल मेल्यावरसुद्धा त्याची बंदूक तुझ्या तीन दुऱ्यांपेक्षा लांब मारेल, याची भीती वाटते तुला."

काउंटरवरचे पाच-सहा जण हसले. नॉरिसने पॅनकेकवर सिरप ओतलं. त्याला ऐकू आलं नसावं असं मला वाटलं, पण सिरप ओततच राहिला तेव्हा कळलं की आलं होतं.

"गेलन," तो शेवटी म्हणाला, "माझ्या डोळ्याखाली काय आहे?"

"ठिपका आहे. आम्ही बारा वर्षांचे असल्यापासून... बरं, तीस वर्षं दाखवतोयस. तुझ्या सासऱ्याला दिसत नव्हतं. वेंडेलला सुईचं नाकसुद्धा दिसायचं. त्याच्यावर तुझा विश्वास नाही?"

हे लागलं. परतताना गाडीत नॉरिस एकदाच बोलला. "मारू देतो त्याला. काय व्हायचंय? वेंडेलइतका काटेकोर माणूस मी पाहिला नाही. पन्नास काडतुसं, तीनदा पन्नास ठोके, माझ्या मनगटाचा विचार केला तर तेच बरं." आणि थोड्या वेळाने, "लोक म्हणतील, मित्र मेला आणि याने त्याच्या तोंडची गोळी काढली."

शुक्रवारी दुपारपर्यंत त्याचं हेच होतं. फोन हातात घेऊन बसला होता, आर्लिसला 'हो' सांगायला. तेवढ्यात इनेज कॉफी घेऊन शेडमध्ये आली. कप ठेवायला जागा नव्हती म्हणून तिने खोकं उचललं, उघडं होतं ते, एक काडतूस घरंगळून बाहेर आलं. तिने ते उचलून सहज कानाशी हलवलं.

"हे का खुळखुळतंय?"

"काय?"

"खुळखुळतंय!" ती त्याच्या श्रवणयंत्रापाशी ओरडली.

नॉरिसने फोन खाली ठेवला. "वेंडेलचं खुळखुळणार नाही. छत्तीस ग्रेन म्हणजे पुंगळी मानेपर्यंत भरते. हलायला जागाच नसते."

इनेजने काडतूस माझ्या हातात दिलं. मी हलवलं. आत रव्यासारखं काहीतरी मजेत इकडून तिकडे जात होतं. दुसरं घेतलं, तेही. तिसरं, तेही.

नॉरिस एकदम म्हातारा दिसायला लागला. त्याला जी शंका आली ती मलाही आली होती. वेंडेललाही शेवटी दिसेनासं झालं होतं की काय? चुकीच्या डब्यातली दारू? थोडकीच, पण भलतीच जहाल? सासऱ्याचंही असंच झालं होतं. मग 'हो' म्हणायचा प्रश्नच उरला नाही. नॉरिसने हातोडा घेतला, पहिलं काडतूस अडकवलं, आणि हाणण्याआधी क्षणभर थांबला. "माफ कर रे," असं काहीतरी म्हणाला. माझ्याकडे बघून नाही.

एक, दोन, तीन.

दारू बशीत पडली. त्याने चिमटीत घेऊन बोटांवर चोळली, उजेडात धरली, वास घेतला. "तीच आहे. त्याचीच. चाळीस वर्षं हीच वापरायचा." मग बशी माझ्याकडे सरकवली.

"सत्तावीस पूर्णांक चार," मी म्हणालो.

"नीट बघ."

"सत्तावीस पूर्णांक चार."

"काटा बिघडलाय."

आम्ही काटा शून्यावर आणला, प्रमाणाचं वजन ठेवून पाहिला. काटा ठीक होता. दुसरं काडतूस: सत्तावीस पूर्णांक चार. तिसरं: तेवढंच. चुकून कमी पडलेली दारू अशी पडत नाही. हात थरथरणारा, डोळ्याने अधू माणूस एकदा सव्वीस ओततो, एकदा तीस. हे दर वेळी ठरवून, मोजून ओतलेलं होतं. नॉरिसने भिंतीवरचा तक्ता काढला, ज्यात दारूपुढे वेग लिहिलेला असतो, आणि बोट फिरवत मला वाचायला लावला. मी वाचून दाखवला. त्याने परत वाचायला लावला.

"हा माझा वेग आहे," तो म्हणाला. "तीन दुऱ्यांचा. त्याच्या मोठ्या पुंगळीत तेवढ्यासाठी तीन ग्रेन जास्त लागतात, इतकंच."

इनेजने विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे तो मोठ्या पुंगळीत माझं काडतूस भरत होता. आणि वर मलाच शिव्या देत होता."

इनेजला हसू यायला लागलं. "म्हणजे जिंकलास की तू."

नॉरिस हसला नाही. त्याने पुढचं काडतूस हातोड्यात अडकवलं, पण हाणलं नाही. "कधीपासून हे?" त्याने स्वतःलाच विचारलं. "खोक्यावर 'नेहमीचं' लिहिलंय. एखाद्या वर्षाचं नाही हे. कधीपासून?" एप्रिलमध्ये वेंडेलची जी खोकी उतरवली, ती सगळी वीस वर्षं जुनी होती, त्यांत छत्तीसच निघाली होती. मधली खोकी अर्थातच मारून संपली होती.

मग तो इनेजला म्हणाला, "मला यंत्रं कधी बसवली? कानाची?"

"दहा वर्षं झाली. का?"

त्याने बोटांवर वर्षं मोजली आणि मग सगळं सांगितलं. दहा वर्षांपूर्वी, यंत्रं बसवल्यावर, त्याने वेंडेलला सांगितलं होतं, की बाबा रे, तुझ्या तोफेशेजारी मला आता बसवत नाही. दर दणक्याला डोक्यात खिळा ठोकल्यासारखं होतं. तू घळीच्या अलीकडे बस, मी पलीकडे बसतो. त्या वर्षी ते तसे बसले. दोघं दोन टोकांना, मध्ये घळ, आणि भांडायला कुणी नाही. नॉरिसच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या आयुष्यातला तो सगळ्यांत शांत आणि सगळ्यांत रद्दड मे महिना. पुढच्या वसंतात वेंडेल आपलं घडीचं टेबल घेऊन सरळ याच्या शेजारी येऊन बसला. का रे, विचारलं तर म्हणाला, माझ्याने आता घळ ओलांडवत नाही, गुडघे गेले. आणि नॉरिसला वाटलं, यंत्रं चांगली आहेत, सवय झाली आपल्याला, हल्ली त्याची बंदूक तितकी लागत नाही.

"गुडघे म्हणे," नॉरिस म्हणाला. "डिसेंबरात तो चर्चच्या छपरावर चढून बर्फ ढकलत होता."

उरलेली सत्तेचाळीस त्याने एकट्याने उतरवली. मी हातोडा मागितला, दिला नाही. ठोके मात्र फार हळू पडत होते, आणि दर तीन ठोक्यांनंतर तो थोडा थांबायचा. मनगटासाठी, असं मी धरून चाललो. संपल्यावर त्याने दारूचा डबा इनेजला दिला नाही, फळीवर ठेवला. आणि मला म्हणाला, "हे बाहेर जाता कामा नये. गेलनला कळलं की वेंडेल नऊ वर्षं तीन दुऱ्या मारत होता, तर कॅफेत त्याला मेल्यावरही बसू देणार नाहीत. शब्द दे."

मी दिला. तो पाळलाही आहे. इंग्रजीत मी याबद्दल आजवर अवाक्षर काढलेलं नाही.

शनिवारी गोफर दिवस झाला. नॉरिसने आर्लिसला आदल्या दिवशीच कळवलं होतं, की उतरवली, नाइलाज होता. ती फक्त "बरं" म्हणाली होती. गेलनने ते इतकं साधं घेतलं नाही.

"उतरवलीस? सगळी?" कुरणाच्या कुंपणापाशीच त्याने सुरुवात केली. "का?"

"मारण्यासारखी नव्हती."

"मारण्यासारखी नव्हती म्हणजे? किती होती आत?"

"माप सांगत नाही मी. माहीत आहे तुला."

गेलन त्याच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडत गेला. तो मागे वळला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "ऐकलंत का? इतकी दारू होती, की नॉरिस घाबरला!"

झालं. बीन्सच्या रांगेत ती अडतीस ग्रेन होती. जेवणं होईपर्यंत साडेएकोणचाळीस. दलाचा पंपवाला म्हणाला, की त्याने स्वतः वेंडेलच्या तोंडून चाळीस ऐकलंय, गेल्या वर्षी, याच कुरणात. कॉफीच्या वेळेस एक्केचाळीस झाली. एक्केचाळीस ग्रेन त्या पुंगळीत बसवायचे तर पायाने दाबून भरावे लागतील, पण हे तिथे कोण बोलणार? जो बोलू शकला असता तो दोन्ही हातांत कागदी कप धरून घडीच्या खुर्चीत बसला होता. बाजूचा एक तरुण सतरावाला त्याला समजावत होता, "वाईट वाटून घेऊ नका हं आजोबा. तीन दुऱ्या पण छानच असतात. त्यांच्या जागी."

"असतात," नॉरिस म्हणाला.

मग गेलनने वेंडेलची बंदूक आणली आणि दुकानातून घेतलेली काडतुसं भरली. सगळे टोप्या काढून उभे राहिले. पहिल्या बाराला कुरणभर दणका पसरला, दूरचे घोडे उधळले आणि नॉरिसने यंत्रं काढून खिशात टाकली.

आर्लिस माझ्या आणि त्याच्या मधोमध उभी होती. दुसऱ्या बाराला ती दचकली. तिसऱ्याला तिने भुवया चढवल्या.

"याचा आवाज असा नव्हता," ती म्हणाली.

गेलनने मान वळवली. "अगं, हे दुकानातलं पुळपुळीत! वेंडेलचं असतं तर आज तुझ्या घराच्या काचा गेल्या असत्या."

"माझ्या घराच्या काचा नऊ वर्षांत हललेल्या नाहीत," ती म्हणाली, पण हळू. गेलन तोवर पुन्हा नेम धरत होता. तिने खुर्ची ओढली, नॉरिसशेजारी बसली आणि त्याच्या खिशाकडे बोट केलं. त्याने मुकाट्याने एका कानात यंत्र घातलं.

"मी घरचीच आहे," ती म्हणाली. "मला सांगायला हरकत नाही. किती होती?"

नॉरिसने आधी माझ्याकडे पाहिलं, मग कपात.

"सत्तावीस."

चाळीस वर्षं जेवणाच्या टेबलावर ते आकडे ऐकलेली बाई होती ती. तिला तक्ता लागला नाही. तिने फक्त विचारलं, "तुला कधी बोलला होता?"

"नाही. तुला?"

"मला म्हणाला, गुडघ्यांमुळे तुझ्याशेजारी बसतो."

"मलाही तेच."

समोर गेलन चौथी गोळी घालत होता आणि पंपवाल्याला सांगत होता, की एक्केचाळीससुद्धा कमीच सांगतायत लोक. आर्लिसच्या ओठांचा कोपरा हलला. "याला सांगायचं का रे?"

"नको," नॉरिस म्हणाला आणि यंत्र काढून परत खिशात टाकलं. "राहू दे एक्केचाळीस."